बिट, तार आणि फ्लक्स: रिपेअरिंगच्या टेबलासाठी काय घ्यावं आणि कोणाकडून

लॅपटॉपच्या बोर्डवरचा चार्जिंग जॅक काढायला बसलं की आपल्या सोल्डरिंग आयर्नची खरी ओळख पटते. कडेच्या पिना चटकन सुटतात. ग्राउंडची पिन मात्र हटून बसते. बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, टेकवला की सोल्डर (जोडाचं कथील) क्षणभर चमकतं आणि लगेच पुन्हा थिजतं. मग आपण तापमान वाढवतो, ३५० चं ४००, ४०० चं ४५०. बिट दाबून धरतो, जॅक हलवून बघतो, आणि शेवटी पिनेबरोबर पॅडही, म्हणजे बोर्डवरची तांब्याची टिकलीही, उखडून हातात येतं. नवीन मुलगा असेल तर त्याला वाटतं, आपला हात अजून बसला नाही. मी अशा अनेक मुलांना सांगत आलो आहे की हात ठीक आहे, खरेदी चुकली आहे.

ग्राउंडची पिन बोर्डच्या आत पसरलेल्या तांब्याच्या थरांना जोडलेली असते आणि तांबं उष्णता फार झपाट्याने वाहून नेतं. बिटातून आलेली उष्णता पिनेत साठायच्या आतच बोर्डभर पसरते. समईची ज्योत चुलीतल्या जाळाइतकीच गरम असते, पण समईवर हंडाभर पाणी उकळत नाही. स्टेशनच्या, म्हणजे आयर्नला वीज देऊन तापमान सांभाळणाऱ्या पेटीच्या, पडद्यावरचा आकडा तुम्हाला ज्योतीचं तापमान सांगतो. तुम्हाला विकत घ्यायचा आहे तो जाळ, म्हणजे दर सेकंदाला पिनेपर्यंत खरोखर पोचणारी उष्णता. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की बाजारातली निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते.

सगळ्यात स्वस्त आयर्न थेट २३० व्होल्टवर चालतं, बहुधा २५ वॉटचं. तापमान सांभाळणारं त्यात काहीच नसतं. नुसतं ठेवलं की तापत राहतं आणि कामाला टेकवलं की गार पडतं. गावाकडे त्यात आणखी भर पडते. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरलं की वॉट वर्गाच्या प्रमाणात घटतात: १७० भागिले २३०, त्याचा वर्ग, सुमारे ०.५५. म्हणजे २५ वॉटचं आयर्न त्या वेळी जेमतेम १४ वॉटचं उरतं. वायर जोडायला, स्पीकरला, जुन्या रेडिओला ते पुरतं. आजच्या बोर्डला पुरत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ९३६ धाटणीची स्टेशनं. मूळ मॉडेल जपानच्या हाक्को कंपनीचं. बाजारात बहुतेक ठिकाणी दिसतात त्या त्याच्या नकला. यात सिरॅमिकची कांडी तापते आणि तिच्यावर पोकळ बिट टोपीसारखा बसतो. कांडी आणि बिट यांच्यामध्ये हवेची बारीक फट राहते. हवा उष्णता अडवते. शिवाय सेन्सर कांडीत असल्यामुळे बिटाचं टोक गार पडलंय हे स्टेशनला उशिरा कळतं. नकली बिटांमध्ये ही फट आणखी ढिली असते आणि मग पडद्यावर ३५० दिसत असताना टोक त्याच्या बरंच खाली असतं.

खरा फरक पडतो तो कार्ट्रिजच्या बिटाने. हाक्कोच्या टी१२ मालिकेत हीटर, सेन्सर आणि बिट एकाच नळीत घट्ट बसवलेले असतात. टोक पिनेला टेकलं की सेन्सरला लगेच समजतं आणि स्टेशन पूर्ण ताकद सोडतं. या बिटाचा रोध साधारण ८ ओहम असतो. त्याला २४ व्होल्ट दिले की हिशेबाने ७२ वॉट मिळतात, आणि महत्त्वाचं म्हणजे ते टोकाच्या अगदी पाठीशी मिळतात. बार्सिलोनाच्या जेबीसी कंपनीचे सी२४५ आणि सी२१० हे बिट याच कल्पनेचे, आणखी चपळ. मेटकल कंपनीची पद्धत तर फार देखणी आहे: बिटाच्या आत असा मिश्रधातू असतो की ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्व जातं आणि तापणं आपोआप मंदावतं. तापमान ठरवण्यासाठी बटण फिरवायचं नसतं, बिट बदलायचा असतो.

तर घ्यायचं काय? रोज बोर्डवर बसणार असाल आणि पैसे मोजकेच असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: टी१२ किंवा सी२४५ बिट चालवणारं साधं स्टेशन घ्या आणि बिट मात्र ओरिजिनल घ्या. स्टेशन म्हणजे शेवटी एक पॉवर सप्लाय आणि एक कंट्रोलर, ते साधं असलं तरी निभावतं. बिट नकली असला की कितीही महागडं स्टेशन लंगडं पडतं. लोक नेमकं उलट करतात. ऐट स्टेशनची, आणि बिट दहाच्या पाकिटातले.

बिटाच्या आकाराबद्दलही असाच गैरसमज आहे. बारीक काम म्हणून सुईसारखा टोकदार बिट घेतला जातो. सुईच्या टोकावर उष्णता जायला जागाच नसते. पटाशीसारखा चपटा, तिरका कापलेला, किंवा सुरीच्या पात्यासारखा, असे तीन बिट असले की ९० टक्के काम होतं. पात्याच्या बिटाने एका ओढीत आयसीची (चिपची) सगळी बाजू बसते. आणि बिटाला कानस लावू नका. जुन्या आयर्नचे बिट नुसत्या तांब्याचे असत, ते घासून चालत असत. आताचा बिट आतून तांबं आणि वरून लोखंडाचा पातळ थर असा असतो. तो थर गेला की वितळलेलं कथील तांबं खाऊन टाकतं आणि बिटाला खड्डा पडतो. बिट नकली असेल तर थर मुळातच पातळ असतो आणि हे काही आठवड्यांतच होतं.

हॉट एअर, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र, घेतानाही तीच समईची गोष्ट. हँडलमध्येच पंखा असलेली ८५८ धाटणीची स्टेशनं छोट्या एसएमडी कामाला, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावरच बसवलेल्या बारीक भागांना, चालतात. पण पडद्यावरचा आकडा नळीच्या आतल्या सेन्सरचा असतो. आयसीपर्यंत पोचणारी उष्णता हवेच्या प्रवाहावर आणि अंतरावर ठरते. मोठ्या बोर्डला क्विक ८६१डीडब्ल्यूसारखं १००० वॉटचं यंत्र खूप फरक पाडतं. त्याहूनही स्वस्तात फरक पाडतो तो प्रीहीटर, म्हणजे बोर्ड खालून आधीच १०० ते १२० अंशांपर्यंत शेकणारी प्लेट. हंड्यातलं पाणी आधीच कोमट असलं की जाळ कमी लागतो, तसंच. बोर्डच्या फायबरमधलं रेझिन साधारण १३० ते १७० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं आणि पॅडची पकड सैल होते. म्हणून भरपूर ताकदीने दोन-तीन सेकंदांत उरकलेलं काम बोर्डला सोसतं, कमी ताकदीने अर्धा मिनिट रेंगाळलेलं सोसत नाही.

इथे एक सुरक्षेची गोष्ट सांगतो, ती टाळू नका. स्वस्त हॉट एअर आणि स्वस्त आयर्न स्टेशनांमध्ये अर्थिंगची तार काही वेळा आत जोडलेलीच नसते, किंवा स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. नवीन यंत्र घरी आलं की प्लगमध्ये लावण्याआधी मल्टिमीटर घ्या. प्लगची जाड पिन आणि बिटाचं टोक यांच्यामध्ये दोन-चार ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. हॉट एअरला तेच नळीच्या धातूवर तपासा. मग स्विच बंद ठेवून फेजची पिन आत पुढे जोडलेली आहे का हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या. अर्थिंग नसलेला बिट तुमच्या जिवालाही धोका आणि बोर्डवरच्या नाजूक आयसीलाही. यूएसबी-सी चार्जरवर चालणारी खिशातली आयर्न छान असतात, पण चार्जर दोन पिनांचा असेल तर त्यांनाही वेगळी अर्थची तार द्यावी लागते.

आता सोल्डर. कंपनीतून आलेल्या आजच्या बोर्डवर बहुधा शिसं नसतं. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालात शिशावर बंधन आणलं आणि जगभरचे कारखाने बदलले. कथील, थोडी चांदी आणि थोडं तांबं असलेलं ते सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं. आपल्या टेबलावरचं ६३/३७ म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, ते १८३ अंशांना. म्हणून जुना जोड सोडवताना आधी त्यावर आपलं थोडं सोल्डर मिसळायचं. मिश्रण खालच्या तापमानाला वितळतं आणि बोर्ड वाचतो. बिस्मथचं सोल्डर तर १३८ अंशांनाच वितळतं. जॅक काढायला ते फार उपयोगी, पण काम झाल्यावर विकने, म्हणजे सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीने, पूर्ण पुसून काढा. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र राहिले तर त्यांच्यात सुमारे ९६ अंशांना वितळणारा भाग तयार होतो, आणि तापणाऱ्या बोर्डवर तो जोड कधी सुटेल याचा भरवसा नाही.

शिशाच्या धुराची भीती बऱ्याच जणांना असते. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. डोळ्यांत जातो तो सोल्डरच्या तारेत भरलेल्या राळेचा धूर. तोही साधा नाही, त्याने दम्याचा त्रास जडू शकतो, म्हणून पंखा धूर ओढून नेईल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातावरून. चहा-वडापावच्या आधी हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना त्या टेबलापासून लांब ठेवा.

भेसळीचा मोठा बाजार या तारेतच आहे, आणि कारण सरळ आहे: कथील शिशाच्या दहापटीहून महाग असतं. रिळावर ६०/४० छापून आत ३०/७० भरलं तर प्रत्येक किलोमागे घसघशीत पैसे सुटतात. गिऱ्हाइकाला एवढंच जाणवतं की सोल्डर नीट पसरत नाही आणि जोड मळकट दिसतो. मग तो परत स्वतःच्या हाताला दोष देतो. पण हे घरी तपासता येतं, आणि रीत सोनाराची आहे.

कथलाची घनता ७.३ च्या आसपास, शिशाची ११.३. म्हणून ६०/४० चं सोल्डर एका घनसेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम भरतं आणि ३०/७० चं सुमारे ९.७. तारेच्या पोटातली राळ हिशेब बिघडवते, म्हणून तार तशीच मोजायची नाही. वीसेक ग्रॅम तार जुन्या लोखंडी पळीत वितळवा, वर आलेली काळी राळ, म्हणजे तारेतला फ्लक्स, बाजूला सारा, आणि गोळी सावकाश गार होऊ द्या. ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर गोळीचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि गोळी बारीक दोऱ्याने पाण्यात लटकवा. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर गोळीचं आकारमान. २० ग्रॅमची गोळी खऱ्या ६०/४० ची असेल तर काटा २.३५ च्या जवळ थांबतो. २.०६ च्या जवळ थांबला तर तुम्ही शिसं विकत घेतलंय. गोळीला बुडबुडे चिकटू देऊ नका आणि आत पोकळी राहिल्याचा संशय आला तर पुन्हा वितळवा. दोन वेळा करून बघितलं की शंका उरत नाही. मी नवीन रीळ आलं की हे करतो, आणि ज्या दुकानातून आलं त्या दुकानाबद्दलचं माझं मत त्या काट्यावर ठरतं.

फ्लक्सला अशी सोपी कसोटी नाही, आणि म्हणून मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. फ्लक्सचं काम कल्हईवाल्याच्या नवसागराचं. तापलेल्या भांड्यावर नवसागर फिरवला की तांब्यावरचा काळा थर निघून जातो, आणि मगच कथील कापसाच्या बोळ्याने पसरतं. बोर्डवरही हेच घडतं. पण नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड बोर्डवर मागे राहिलं की दमट हवेत तांबं खायला लागतं. राळेची खुबी अशी की ती तापल्यावर आम्लासारखी वागते आणि गार होऊन घट्ट झाली की शांत बसते. चांगल्या फ्लक्समध्ये पैसे जातात ते या गुणाचे. काही वर्षांपूर्वी मी एका नावाजलेल्या लेबलची सिरिंज ऑनलाइन निम्म्या भावात घेतली. काम सुरेख व्हायचं, जोड आरशासारखे. त्या पावसाळ्यात कोकणातल्या एका गिऱ्हाइकाचा बोर्ड परत आला, आयसीच्या पायांमध्ये हिरवी बुरशी धरल्यासारखी. मी तो फुकट करून दिला आणि त्या सिरिंजने केलेली बाकीची कामं आठवत बसलो.

या अनुभवानंतर खरेदीचा माझा नियम ठरला. भाजी आपण हाताने निवडून घेतो. औषध घेताना दुकान बघतो, बिल घेतो, बॅच आणि तारीख वाचतो. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला मी विचारतो, तू भाजी की औषध? चिमटे, डीसोल्डर पंप, स्टँड, ब्रश, भिंग, सरावासाठी मेलेले बोर्ड, ही सगळी भाजी. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खुशाल घ्या, घासाघीस करा, चिमट्याची टोकं उजेडात धरून जुळतात का बघा. विक पण तिथेच उलगडून बघता येते; तांबं लख्ख असलं पाहिजे, काळवंडलेली विक सोल्डर पीत नाही. स्टेशनसुद्धा शक्यतो गल्लीतूनच घ्या, पण जाताना एक मेलेला लॅपटॉप बोर्ड आणि मल्टिमीटर पिशवीत असू द्या. काउंटरवर अर्थिंग तपासा आणि ३५० वर ग्राउंडची एक पिन सोडवून बघा. चांगला दुकानदार याला कधी हरकत घेत नाही, उलट खुर्ची देतो. गल्लीचा हा फार मोठा फायदा आहे: उद्या काही बिघडलं तर समोर माणूस आहे, आणि त्याला तुमचा चेहरा माहीत आहे.

बिट, सोल्डरची तार, फ्लक्स, सोल्डर पेस्ट (सोल्डरची पूड आणि फ्लक्स यांचं मलम) आणि आयसी मात्र औषध. ते कंपनीच्या अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत. वितरक अधिकृत आहे की नाही हे त्याच्या पाटीवरून ठरत नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या यादीत त्याचं नाव शोधा. एलिमेंट१४, डिजी-की, माउझर यांच्यासारखे वितरक माल थेट कंपन्यांकडून घेतात, म्हणून तिथे भाव जास्त असला तरी मी आयसी तिथूनच मागवतो. परदेशातून पार्सल येत असेल तर केवायसीचे कागद, सीमाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरूनच हिशेब करा. दुकानाची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावरच्या कराची वजावट मिळू शकते, आणि मग पक्क्या बिलाचा माल वाटतो तितका महाग पडत नाही. देशातल्या ऑनलाइन दुकानांत पुण्याच्या रोबूसारखी दुकानं मॉड्यूल आणि साध्या हत्यारांसाठी सोयीची आहेत. मोठ्या बाजारपेठेसारख्या साइटवर मात्र एकाच फोटोखाली दहा विक्रेते असतात. तिथे साइटचं नाव बघून उपयोग नाही, विक्रेत्याचं नाव वाचा.

पेस्टबद्दल वेगळं सांगायला हवं. ती फ्रिजमध्ये, साधारण २ ते १० अंशांत ठेवायची असते आणि तिचं आयुष्य महिन्यांत मोजतात. मे महिन्यात आठ दिवस कुरिअरच्या गोदामात तापलेली पेस्ट डबी न उघडताच गेलेली असते. म्हणून पेस्ट जवळच्या अशा दुकानातून घ्या जिथे ती तुमच्यासमोर फ्रिजमधून काढली जाते, आणि छोटी डबी घ्या.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक येणार असला की स्टेशन आणायला सांगण्याचा मोह होतो. तिकडची बरीच स्टेशनं १२० व्होल्टची असतात. आत ट्रान्सफॉर्मर असलेलं तसं यंत्र आपल्या २३० वर लावलं की जळतं. मागवायचंच असेल तर ओरिजिनल बिट मागवा. बिटाला भिंतीतल्या व्होल्टेजशी देणंघेणं नसतं, तो स्टेशनच्या २४ व्होल्टवर चालतो, आणि वजनही काही ग्रॅमच. फक्त तुमच्या हँडलला बसणारी मालिका कोणती ते अक्षर न अक्षर लिहून पाठवा.

आयटीआय करून नुकतं टेबल मांडणाऱ्याला मी खरेदीचा असा क्रम सांगतो: आधी चांगला मल्टिमीटर, मग कार्ट्रिजचं स्टेशन आणि दोन ओरिजिनल बिट, काट्यावर खरी उतरलेली ०.५ किंवा ०.८ मिलिमीटरची तार, बिलाचा फ्लक्स, विक. पहिल्या महिन्याची कमाई आली की प्रीहीटर, त्यानंतर हॉट एअर. मायक्रोस्कोप घेताना पडद्यावर चित्र उशिरा दाखवणारा स्वस्त यूएसबीचा घेऊ नका, हात आणि डोळा यांचा मेळ बसत नाही. तोवर डोक्याला बांधायचं भिंग चालेल. पुढचा बिट मागवायची वेळ येईल तेव्हा आधीच्याचं बिल काढा आणि तो किती महिने टिकला ते त्यावर लिहून ठेवा.